नेम धरायला काय जातं

आगाशीच्या मामांकडे दसऱ्याला दोन शस्त्रांची पूजा होते. एक कोयता आणि एक छऱ्याची बंदूक. कोयत्याने वर्षभर राबून घेतलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर हळदकुंकू जरा घाईघाईतच पडतं. बंदुकीचा थाट वेगळा. पाटावर लाल कापड, नळीला झेंडूची माळ, दस्त्याला गंध आणि पुढ्यात नारळ. हा नारळ बाजारातून विकत आणलेला असतो. घरच्या वाडीत माड आहेत, चांगले धरतात, पण त्यांची फळं मोठी होऊन उतरवायच्या आतच त्यांची विल्हेवाट लागलेली असते. ती लावणारी मंडळी त्या वेळी पडवीच्या कौलांवर बसून पूजा बघत असतात.

मामांचं खारींशी वैर आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. खारींना ते ठाऊक आहे की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. तशा मोहिमा आमच्या वसईला नव्या नाहीत. पोर्तुगीजांविरुद्धची चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला हाती आला. वाटेत त्यांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, तो फेडायला पुढे देऊळ उभं राहिलं. मामांनीही वज्रेश्वरीला नवस बोललेला आहे. पोर्तुगीजांच्या बाबतीत देवीने दोन वर्षांत निकाल दिला. मामांच्या अर्जावर अजून साधा शेराही आलेला नाही.

मोहिमेचा हंगाम म्हणजे दसऱ्यानंतरचे दिवस. पाऊस गेलेला, भात कापणीला आलेलं, वाडीत उतरता येईल इतपत चिखल सुकलेला. थंड देशांत याच दिवसांत जंगलं लाल-पिवळी होतात, पानं गळून झाडं उघडी पडतात आणि फांदीवरची खार लांबून दिसू लागते. तिकडचे शिकारी त्याचीच वाट बघत असतात. वसईत शरद ऋतू म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा. पानगळ म्हणाल तर माडाची एखादी झावळी पडते, तीही नेमकी खाली लावलेल्या स्कूटरवर. लाल पान बघायची हौसच असेल तर देशी बदामाखाली जाऊन उभं राहावं, पण त्यालाही लाल व्हायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर वाडीत सगळं हिरवंगार. माड, केळी, चिकू, पानवेली, त्यात मामींचा मोगरा आणि सोनचाफा. एवढ्या हिरव्यात एक राखाडी जनावर शोधायचं. तेही सत्तरीच्या आणि मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने. दुसरा डोळा मामांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. नेम धरताना तो मिटायचाच असतो, मग त्यावर खर्च कशाला, असं त्यांचं म्हणणं.

खारीचा अपराध काय, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. माडावर नारळ अजून कोवळा असतो तेव्हा ती त्याला धरते. देठाजवळ, टोपीच्या कडेला, कोवळ्या भागात दात लावते. काथ्याचा चोथा काढून बाजूला टाकते आणि सुताराने गिरमिटाने पाडावं तसं गोल भोक पाडते. मग आतलं पाणी आणि मलई. एक पूर्ण संपवावं आणि मग दुसऱ्याकडे वळावं, हा संस्कार तिच्यावर झालेला नाही. थोडं इथलं, थोडं तिथलं. भोक पडलेला नारळ काही दिवस झाडावर तसाच राहतो आणि मग भर दुपारी, मामांचा डोळा लागतो तेव्हा, पत्र्यावर येऊन आदळतो. चिकूच्या बाबतीत तिचं ज्ञान मामांच्या पुढे आहे. कुठला चिकू उद्या पिकणार हे मामांना बोटाने दाबून कळतं, तिला ते आदल्या दिवशीच कळलेलं असतं. केळफुलातला मध, पेरूची पिकती बाजू, वाळत घातलेल्या पापडांचा कोपरा, मामींच्या उशीतला कापूस. हा कापूस तिने इनव्हर्टरच्या मागे नेऊन तिथे बाळंतपण उरकलं, तेव्हा मामी तिच्या बाजूने होत्या. दिवसातून दोनदा जाऊन पिल्लं बघून येत होत्या. घरात फितुरी अशी सुरू झाली.

रीतीप्रमाणे आधी अहिंसक उपाय झाले. माडांच्या बुंध्यांना पत्र्याचे पट्टे ठोकले. उंदरांना हा उपाय लागू पडतो, खारींनाही पडतो, फक्त माड एकटा उभा हवा. मामांच्या वाडीत दोन माडांच्या झावळ्या एकमेकींत अडकलेल्या, त्यामुळे खारींनी पट्ट्यांकडे बघितलंही नाही, त्या वरच्या वर गेल्या. मग जुन्या सीडी दोरीला बांधून टांगल्या. त्यात घरातल्या एका लग्नाची होती, ती लखलखताना बघून मामी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग डबडी. पडवीत बसून दोरी ओढायची की वाडीच्या दुसऱ्या टोकाला खडखडाट होतो. या खडखडाटाने कुत्रं उठलं, शेजारचं बाळ उठलं, खार उठली नाही, कारण ती डबड्यावरच बसली होती.

तेव्हा बंदूक आली.

ही बंदूक म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीची साधी एअरगन. नळी मधोमध मोडायची, त्याने आतली स्प्रिंग दाबली जाते, तोंडात शिशाचा छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, नेम धरायचा, घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटते, हवा दाबली जाते, छर्रा निघतो. या वर्गातल्या कमी ताकदीच्या बंदुकीला परवाना लागत नाही, आणि मामांच्या बंदुकीची ताकद कुठल्याही कायद्याने काळजी करावी अशी राहिलेली नाही. आतला चामड्याचा वायसर पहिल्या काही वर्षांतच वाळून फुटला. मामांनी त्या जागी विहिरीच्या पंपाचा वायसर कापून बसवला. तेव्हापासून बंदुकीतून आवाज मोठा येतो आणि छर्रा उशिरा येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तो जाताना दिसतो. मी पाहिलेला आहे. कौलाच्या उंचीपर्यंत उत्साहात जातो, मग विचारात पडतो आणि तुळशीपाशी उतरतो.

खऱ्या बंदुकीचा इतिहास घराण्याला आहे. मामांच्या आजोबांकडे ठासणीची होती. दारू ठासा, चिंधी ठासा, शिसं ठासा, आणि तोवर रानडुकराला थांबायला सांगा. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. त्या काळी डोंगराकडच्या शेतांत डुकरं उतरत, आणि एक बार काढला की पुढचे काही दिवस शांतता असे, असं मामा सांगतात. शांतता डुकरांमुळे की आजोबांना ऐकू येईनासं झाल्यामुळे, हे ते सांगत नाहीत. शेजारच्या एका घरात अजून तशी परवान्याची बंदूक आहे. ती भिंतीवर टांगलेली आणि परवाना फिरतीवर. आधी ठाणे जिल्हा, मग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, मग १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय. भिंतीवरचा खिळा न बदलता बंदुकीचं कार्यक्षेत्र बदलत गेलं. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. वसईत ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा, लोकसभा असं काही ना काही चालूच असतं. त्या बंदुकीने घराबाहेर जेवढा प्रवास केला तो सगळा लोकशाहीसाठी.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर मामांच्या वकील भाच्याबद्दल सांगायला हवं. त्याने एका दिवाळीत फराळाचं ताट मांडीवर घेऊन मामांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा समजावून सांगितला. त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच पट्ट्यांच्या खारीचं नाव होतं, आणि पाचव्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांना उपद्रवी म्हणून मोकळं सोडलं त्यांच्यात, उंदीर, घुशी आणि कावळे होते. २०२२ च्या दुरुस्तीने या याद्यांची फेरमांडणी झाली, पण मामांच्या डोक्यात जुनी यादीच बसली.

"म्हणजे दोघांचे दात तेच, धंदा तोच," मामा म्हणाले, "फक्त शेपटीला केस असले की सरकार पाठीशी?"

"शेपूट आणि रामायण," भाचा म्हणाला.

मामांनी चकली बाजूला ठेवली. "पाच पट्ट्यांची म्हणालास ना? आपल्याकडे तीन पट्ट्यांचीही असते."

ही गोष्ट खरी आहे. रामाने पाठीवरून हात फिरवला तेव्हा तीन बोटं उमटली अशी आपली कथा, आणि दक्षिणेकडची खार तीन पट्ट्यांचीच असते. उत्तरेकडची पाच पट्ट्यांची. महाराष्ट्र मधे असल्यामुळे आपल्याला दोन्ही मिळाल्या. पाच पट्टे कोणी ओढले याचा खुलासा कथेत नाही. मामांना त्यात कायद्याची फट दिसली. त्या दिवसापासून त्यांनी नेम धरण्याआधी पट्टे मोजायला सुरुवात केली. खार एका जागी दोन सेकंद ठरत नाही. एक, दोन, आणि ती चिकूवर. पुन्हा एक, दोन, तीन, आणि ती पलीकडच्या वाडीत. मामींनी दुर्बीण आणायला सुचवलं. भाच्याने शेवटी हात जोडले आणि सांगितलं की मामा, मॅजिस्ट्रेटसमोर पट्टे मोजायला खार हजर करावी लागेल, तेवढी तुमच्याकडून होणार आहे का? मामा म्हणाले, ती तयारी असती तर कायदा वाचायला तुला कशाला बोलावलं असतं.

शिकार म्हणजे नेमकं काय चालतं, ते सांगतो. पहाटे उजेड फुटायच्या बेतात मामा खुर्ची घेऊन वाडीत जातात. खुर्ची प्लास्टिकची, एका पायाखाली फरशीचा तुकडा. बाजूला चहाचा थर्मास, छऱ्यांची डबी, पेपर. पेपर लपण्यासाठी, असं ते म्हणतात. थोड्या वेळाने पहिली खार उतरते. माडाच्या बुंध्यावर डोकं खाली करून थांबते आणि शेपटीला झटके देत ओरडू लागते. हा आवाज म्हणजे वाडीतल्या सगळ्यांना सूचना असते. साळुंक्या उठतात, कोंबड्या सरकतात, आणि मामी आतून विचारतात, "अहो, उठलात वाटतं?" मामा बंदूक उचलतात. खार बुंध्याच्या मागे जाते. मामा खुर्चीसकट डावीकडे सरकतात, ती उजवीकडे. माडाचा बुंधा तो केवढा, खारीपेक्षा जेमतेम रुंद. तरी ती त्याच्याआड पूर्ण मावते, आणि मावल्यावर कडेने एक डोळा बाहेर काढून बघते. मामा माडाभोवती फिरतात, ती माडावर फिरते. अशा प्रदक्षिणा त्यांनी पिंपळाला घातल्या असत्या तर एव्हाना काहीतरी पदरात पडलं असतं. मग केव्हातरी फट् होतं, छर्रा जातो, एखादी झावळी हलल्यासारखी वाटते. मामा विजयी मुद्रेने इकडे बघतात. "घाबरली," ते म्हणतात. खार ज्या माडावर बार झाला त्याच माडावर चढून नारळ फोडायला बसलेली असते.

थंड देशांतल्या शिकाऱ्यांनाही ती याच युक्तीने चकवते. ही त्यातली समाधानाची बाब. अमेरिकेत खारीच्या शिकारीला पॉइंट टू टूची रायफल वापरतात. तिचं आज सगळीकडे चालणारं काडतूस स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये काढलं. छोटी गोळी, कमी आवाज, मांसाची नासाडी कमी. ओक आणि हिकरीची फळं पिकतात त्या दिवसांत शिकारी झाडाला टेकून अंधारात बसतो, आणि खार झाडामागे गेली की पलीकडे दगड किंवा टोपी फेकतो. खार दचकून अलीकडे येते. मामांनी हा प्रयोग केला. टोपी फेकली. खार जागची हलली नाही, टोपी बावखलात गेली. पाण्यातून टोपी काढायला मामा वाकले तेव्हा खिशातली छऱ्यांची डबीही आत गेली. त्या दिवसाच्या मोहिमेचं वर्णन मामा 'शत्रूचा दारूगोळा नष्ट' असं करतात. शत्रू कोण, हे विचारायचं नसतं.

पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑड्युबॉनने एक भारी हकिकत लिहून ठेवली आहे. केंटकीत डॅनियल बून नावाचा नामांकित नेमबाज खारीला गोळी मारतच नसे. ती बसलेल्या जागी, तिच्या पोटाखालच्या सालीवर मारायचा. साल फुटून जो धक्का बसे त्याने खार अंगावर ओरखडा न उठता खाली येई. ऑड्युबॉनला गोष्ट रंगवायची सवय होती, तेव्हा पदरचं किती ते देव जाणे. भाच्याने ही हकिकत मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते.

"सालीवर तर मीही मारतो," ते म्हणाले. "रोज मारतो. मग आपली का पडत नाही?"

निर्मळच्या यात्रेत मात्र मामांना मान आहे. कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते, सुकी मासळी, घोंगड्या, पाळणे, आणि एका कडेला फुग्यांचा फळा. फुगेवाल्याच्या बंदुकांच्या नळ्या थोड्या वाकड्या असतात, हा सार्वत्रिक समज आहे. चांगला नेमबाज तिथे हरतो. मामा जिंकतात. त्यांच्या स्वतःच्या बंदुकीचा दोष आणि फुगेवाल्याच्या बंदुकीचा दोष एकमेकांना छेदत असावेत, असं माझं गणित आहे. मामा बक्षिसाचा प्लास्टिकचा डबा घेऊन घरी येतात आणि तो कौलांवरून दिसेल असा ओट्यावर ठेवतात. पुढे खारी त्यातले शेंगदाणे खातात.

मुलासाठी म्हणून बंदूक घेतली, असं मामा पाहुण्यांना सांगत. त्याला आधार होता सलीम अलींचा. सलीम अली लहान असताना त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी ते कळेना म्हणून मामाने त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथे मिलार्ड साहेबांनी भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, आणि पोरगा जन्मभर पक्ष्यांचा झाला. पुढे १९७६ मध्ये पद्मविभूषण. आत्मचरित्राच्या नावातसुद्धा ती पडलेली चिमणी आली. मामांचा हिशेब सरळ होता. एक एअरगन, एक मामा, एक पद्म पुरस्कार. त्यांच्या मुलानेही बंदूक हातात घेतली, पण काही पडलंच नाही, त्यामुळे कुतूहल कशाबद्दल वाटावं हा प्रश्न राहिला. तो कॉम्प्युटर शिकला आणि टोरांटोला गेला.

टोरांटोची भेट हा मामांच्या आयुष्यातला मोठा धक्का. ऑक्टोबरातच गेले होते. मुलाच्या मागच्या अंगणात त्यांनी पहिल्यांदा तिकडची खार बघितली. काळी कुळकुळीत, आपल्या चारपाच एकत्र केल्यावर होईल एवढी, आणि कुंपणावर मागच्या पायांवर बसून मामांकडे रोखून बघणारी. मामा दार लावून आत आले. "हिला माझी चालणार नाही," म्हणाले. ती इथल्याही कुठल्या खारीवर आजवर चालली नव्हती, पण माणूस परक्या देशात नम्र होतो.

मुलाच्या ऑफिसातला एक गोरा सहकारी परवाना काढून रीतसर खारीची शिकार करणारा निघाला. तो त्यांना शहरापासून लांब एका रानात घेऊन गेला. मामांना नुसतं बघायला परवानगी, बंदुकीला हात लावायचा नाही. अंगात नारिंगी जाकीट घालायला दिलं, इतकं झगझगीत की मामांना वाटलं आपली आता दिंडी निघणार. हे घालून खार दिसेल की खारीला आपण दिसू, असं त्यांनी विचारलं. खारीला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे दुसऱ्या शिकाऱ्यांसाठी आहे, असं उत्तर आलं. म्हणजे तिकडे खारीपेक्षा शिकाऱ्याची भीती जास्त, हे ऐकून मामांना तो देश एकदम कळला.

मेपलची पानं लालभडक झाली होती. मामा म्हणतात, इतकं सुंदर रान त्यांनी सिनेमातही बघितलं नव्हतं. झाडाला टेकून बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. मामा एवढा वेळ गप्प बसल्याचा हा प्रसंग मामींनी बघायला हवा होता. खाली पानांचा खच, त्यात खारीने पाऊल टाकलं तरी माणूस चालल्यासारखा आवाज. तो गोरा नुसत्या आवाजावरून बोट दाखवत होता. मग एक खार फांदीवर आली, त्याने रायफल उचलली, आणि एकच बार. खार पडली.

मामा हे सांगताना इथे दर वेळी थांबतात. चहा मागतात.

गोऱ्याने ती उचलून आणली, मामांच्या हातात दिली. अजून गरम होती. पोटाखालची लव पांढरी होती. मामांनी ती चटकन परत केली आणि हात पँटला पुसले. संध्याकाळी त्याने कांदा, गाजर घालून रस्सा केला आणि सगळ्यांना वाढला. मामांनी आयुष्यात बोंबील, निवट्या, खेकडे, कालवं, काहीही सोडलेलं नाही. त्या दिवशी म्हणाले, माझा उपास आहे. कुठला, असं मुलाने विचारलं. मामा म्हणाले, रामाचा. खारीशी इतकी वर्षं लढलेल्या माणसाने तिच्यासाठी उपास धरला, आणि तोही सातासमुद्रापार, जिथे कौलावर बसून बघायला कोणी नव्हतं.

परत आल्यावर त्यांची बंदूक सुटेल असं आम्हाला वाटलं होतं. मामींनी तर वर्तमानपत्रातलं कात्रणच ठेवलं होतं. २०२१ मध्ये अरुणाचल प्रदेशात एअरगन सरकारजमा करायचं अभियान सुरू झालं, लोकांनी आपण होऊन रानातल्या पाखरांसाठी बंदुका नेऊन दिल्या. "तुम्हीही द्या," मामी म्हणाल्या. मामांचं म्हणणं, द्यायला हरकत नाही. पण मामींनीच पुढे शंका काढली की तिथे त्या बंदुकांनी पाखरं मरत होती, तुमच्या बंदुकीवर कुठला आरोप ठेवून घेतील? मामांनी कात्रण घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं. दुखावलेलं होतं काहीतरी.

त्याच सुमारास भाच्याने आणखी एक माहिती पुरवली. अमेरिकेतला नॅसडॅक शेअर बाजार १९८७ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये खारीने विजेच्या तारांत केलेल्या उद्योगाने बंद पडला होता. मामा ताडकन म्हणाले, "आणि तिकडे तर घरोघरी बंदूक आहे!" बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

वसईत खारी कमी केल्या त्या दुसऱ्याच लोकांनी, आणि त्यांनी एकही छर्रा झाडला नाही. ते, म्हणजे बिल्डर, सात-बारा घेऊन आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसं वाड्या, विहिरी वाचवायला रस्त्यावर उतरली, मोर्चे निघाले, पुढे २००९ मध्ये महापालिका आली, तेव्हा कुठली गावं आत आणि कुठली बाहेर यावरून पुन्हा रणं झाली. त्या गडबडीत बऱ्याच वाड्या राहिल्या, हे खरं, आणि बऱ्याच गेल्या, हेही खरं. मामांच्या दक्षिणेकडची वाडी गेली. एका आठवड्यात माड पडले, विहीर बुजली आणि पायलिंगचं मशिन आलं. तिथल्या सगळ्या खारी कुंपण ओलांडून मामांकडे आल्या. मामांनी या नव्या मंडळींसाठी ओट्यावर मातीच्या ताटलीत पाणी ठेवायला सुरुवात केली. का, विचारलं तर म्हणाले, तहानलेल्या शत्रूवर नेम धरणं आपल्यात बसत नाही. मामांना नेम धरायला अडचण नको म्हणून ताटली मामींनी माडापासून लांब ठेवली. आता सकाळी खुर्चीच्या समोर पाणी प्यायला एवढी गर्दी असते की मामांना पेपर वाचायला उशीर होतो.

परवा विरारच्या टॉवरमधला एक तरुण बंदूक बघायला आला. मामींनीच कोणाच्या तरी ओळखीने धाडला होता. त्याच्या घरी एसीच्या मागे कबुतरांनी संसार थाटलेला. मामांनी बंदूक कापडातून काढली, तेलाचा हात फिरवला, नळी मोडून दाखवली. कौलांवर बैठक भरली होती.

"काका, नेम लागतो का हिचा?"

मामांनी मामींकडे बघितलं. मामी मोगरा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हाला लागायला हवा आहे का?" मामांनी विचारलं.

तरुण घुटमळला. बायको कबुतरांना रोज दाणे टाकते, म्हणाला. एकाला जरी लागलं तरी घरात राहणं कठीण. पण सासरे येणार आहेत, त्यांना घाण आवडत नाही, तेव्हा आपण काहीतरी करतोय एवढं दिसलं म्हणजे झालं.

मामांनी त्याला जवळ बसवला, चहा मागवला आणि किंमत सांगितली. ती ऐकून तरुणाने हातातला कप खाली ठेवला.

"काका, एवढ्यात तर नवी येते!"

"येते ना," मामा म्हणाले. "पण नवीचा नेम लागतो."